सेवा टिकवायची कशी? शिरूर-दौंडच्या पाळकांसाठी काही रोखठोक सूचना

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या लहान मंडळ्यांमधून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. "सहा वर्षं झाली, अजून पंचवीस माणसं जमत नाहीत. माझं पाचारणच चुकलं का?" "कमिटीतल्यांनी सगळ्यांसमोर बोल लावले, मी गप्प बसलो. ही नम्रता की भित्रेपणा?" "कंपनीत नोकरी करून सेवा केली तर ती अर्धवट ठरते का?" "मी लावलेलं लग्न कायद्यानं चालेल का?" विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात. स्वतंत्र मंडळी चालवणारे, नाहीतर मोठ्या चर्चच्या एखाद्या दूरच्या शाखेवर नेमलेले. सल्ला देणारं जवळ कोणी नसतं आणि पुण्याला जाऊन विचारायचं तर संकोच आड येतो.

या सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत आहे. नम्रता आणि चिकाटी हे स्वभावाचे गुण, ते ज्याच्यात आहेत त्याच्यात आहेत, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. पाळकाची नम्रता त्याच्या पावतीपुस्तकात आणि बैठकीच्या इतिवृत्तात दिसते. त्याची चिकाटी त्याच्या आठवड्याच्या वेळापत्रकात दिसते. दोन्ही बसवता येतात आणि बसवावी लागतात. पुढच्या सूचना त्यासाठी आहेत.

आधी तुमचा तालुका ओळखा

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. पण आज तालुक्यात दोन वेगवेगळ्या वस्त्या आहेत. एक पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांची. दुसरी रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांभोवतीच्या खोल्यांची. तिथे मराठवाडा-विदर्भातली, उत्तर प्रदेश-बिहार-झारखंडातली मुलं राहतात आणि कंत्राट संपलं की खोली रिकामी होते. दौंडचं तसंच. जंक्शनवरून गाड्या सोलापूरकडे, मनमाडकडे, बारामतीकडे फुटतात. रेल्वेची माणसं आणि राज्य राखीव पोलीस दलाची कुटुंबं बदलीवर येतात, बदलीवर जातात. कुरकुंभची एमआयडीसी आहे. पाटस, केडगाव, यवत, राहू या पट्ट्यात ऊस आणि गुऱ्हाळं आहेत. गळिताचा हंगाम सुरू झाला की मजूर बिऱ्हाडासह येतात आणि उन्हाळा लागला की परततात.

हे ध्यानात घेतलं नाही तर तुम्ही विनाकारण खचाल. म्हणून:

- उपासनेची वेळ माणसांवरून ठरवा. रविवारी सकाळी दहा हा काही बायबलचा नियम नाही. फर्स्ट शिफ्टवाला सकाळी येऊ शकत नाही, नाईटवाला झोपलेला असतो. संध्याकाळची किंवा आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवसाची दुसरी उपासना ठेवा, मग तिला पाचच जण येईनात का.
- गेलेला माणूस गळालेला धरू नका. नोंदवहीत चार रकाने ठेवा: कोण आलं, कधी गेलं, कुठे गेलं, तिथल्या मंडळीला पत्र दिलं का. कंत्राटी मुलगा इथून चाकणला गेला आणि तिथल्या मंडळीत रुजला, तर तुमच्या कामाला फळ आलं.
- उसाच्या फडावर सभा घेऊ नका. कोयता चालू असताना मजुराकडे वेळ नसतो आणि मुकादमासमोर त्याची अडचण होते. संध्याकाळी कोपीवर जा. मुलांच्या शाळेची, बाळंतिणीच्या औषधाची चौकशी करा. जमेल ती मदत करा आणि मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अट कधीही घालू नका. अशी अट अनैतिक आहे. उद्या ती आमिष म्हणून तुमच्याविरुद्ध उभी राहील, हे वेगळंच.

फळ दिसत नाही तेव्हा

गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या सेवकांपैकी ते एक. तेरा वर्षं राबले आणि १८२६ मध्ये नाशिक भागातल्या दौऱ्यावर पटकीने वारले. नाव घेण्याजोगी मोठी मंडळी त्यांच्या डोळ्यांना दिसली नाही. त्या मिशनमधल्या हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १८५४ साली, म्हणजे हॉल उतरल्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी. याच मिशनचं एक केंद्र पुढे शिरूरला होतं आणि रेव्ह. रिचर्ड विन्सर यांनी तिथे मुलांना हातचा धंदा शिकवणारी उद्योगशाळा चालवली. तुम्ही आज ज्या गावात उभे आहात तिथे तुमच्या आधी राबून गेलेल्यांची ही रांग आहे.

दौंड तालुक्याकडे तर याहून मोठं उदाहरण आहे आणि आपले सेवक ते फार वरवर सांगतात. पंडिता रमाबाई म्हटलं की १९०५ चं संजीवन आठवतं, तेवढंच. त्याआधीची वर्षं नीट पाहा. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. भल्या माणसांचा आधार गेला. रमाबाईंनी सदन बंद केलं नाही. केडगावला जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बायका-मुली आणल्या. त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, तर शेती, विणकाम, छपाई शिकवली. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. उतारवयात तिने हिब्रू-ग्रीक अभ्यासून सबंध बायबल मराठीत आणायला घेतलं, तेही कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत. १९२१ मध्ये, ज्या लेकीकडे काम सोपवायचं होतं ती मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं आणि त्यांनी केडगावात उभं केलेलं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

यातून तुमच्या निर्णयासाठी मी तीनच गोष्टी घेईन. त्यांनी जागा बदलली, पण काम सोडलं नाही. विद्वत्ता मिरवण्यापेक्षा ती खाली उतरवली. आणि माणसांच्या हाताला काम दिलं, त्यामुळे संजीवनाची लाट ओसरल्यावरही संस्था उभी राहिली.

तुमचं काम मोजायचंच असेल तर वर्षातून एकदा हे प्रश्न लेखी सोडवा:

- गेल्या वर्षी किती घरांत तुम्ही दुःखाच्या प्रसंगी, न बोलावता गेलात?
- तुमच्याशिवाय प्रार्थना चालवू शकतील, वचन सांगू शकतील अशी किती माणसं तयार झाली?
- मंडळीबाहेरच्या किती शेजाऱ्यांशी तुमचं बोलणं आहे? सरपंच, शाळेचे गुरुजी, आशाताई, पलीकडच्या मंदिराचे पुजारी?
- घरच्यांशी तुमचं कसं चाललं आहे? या प्रश्नाचं उत्तर पाळकीणबाईंनी लिहायचं.

कागद स्वतःपाशी ठेवू नका. दुसऱ्या मंडळीच्या दोन अनुभवी पाळकांना दाखवा. क्षेत्र सोडण्याविषयी माझा ठोकताळा असा: पहिली तीन वर्षं सोडायचा विचारच करू नका. खेड्यात पाळकावर विश्वास बसतो तो मयताला आणि बाळंतपणाला तो उभा राहिल्यावर, आणि असे प्रसंग यायला वर्षं जातात.

नम्रता कुठे आणि कणखरपणा कुठे

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो, त्यावर आपण वर्षातून एकदा तरी प्रवचन करतो. पण तोच प्रभू मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथतो. पहिल्या ठिकाणी स्वतःच्या मानाचा प्रश्न होता. दुसऱ्या ठिकाणी फसवल्या जाणाऱ्या गरिबांचा होता. कुठल्या प्रसंगी काय करायचं, याची कसोटी इथेच आहे.

जिथे सोडून द्यायचं: पत्रकावर नाव खाली आलं, मंचावर खुर्ची मिळाली नाही, प्रवचन लांबलं म्हणून कोणी टोकलं, नवा तरुण तुमच्यापेक्षा चांगला बोलला. इथे एक शब्द बोलू नका. टोकणाऱ्याचे आभार माना आणि पुढच्या रविवारी प्रवचन दहा मिनिटं आटपतं घ्या.

जिथे उत्तर द्यायचं, पण लेखी: पैशाचा आरोप, चारित्र्यावर शिंतोडे, कामावरून काढण्याची धमकी. व्यासपीठावरून उत्तर देऊ नका. वचनाच्या आडून टोमणे तर मुळीच मारू नका, तो व्यासपीठाचा गैरवापर आहे. कमिटीला पत्र द्या, आठ दिवसांत बैठक मागा, बैठकीचं इतिवृत्त लिहून घ्या, प्रत ठेवा. तुम्ही मोठ्या चर्चचे सेवक असाल तर तुमच्या घटनेत दाद मागण्याची पायरी असते, ती वाचून ठेवा.

जिथे गप्प बसणं हाच गुन्हा: मंडळीत, संडे स्कूलमध्ये किंवा वसतिगृहात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. "मंडळीची बदनामी होईल", "आपसांत मिटवू", "त्यानं पश्चात्ताप केला आहे" यांपैकी काहीही चालत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन चोवीस तास चालते. नवऱ्याचा मार खाणारी बहीण आली, तर प्रार्थना करून तिला त्याच घरी परत पाठवू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. क्षमा करायला शिकवणं हे तुमचं काम खरं, पण मार सोसायला शिकवू नका.

पदव्यांबद्दलही बोललं पाहिजे. फ्लेक्सवर 'अपोस्टल', 'बिशप', 'डॉक्टर' अशी नावं वाढत चालली आहेत. कुठल्याशा अनोळखी संस्थेला पैसे भरून घेतलेली डॉक्टरेट तुमच्या लोकांची फसवणूक आहे. शिकायचं असेल तर खरं शिका. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ मध्ये ती यवतमाळहून इथे आली. महाराष्ट्राची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही पुण्यातच आहे. घर सोडून जाणं शक्य नसेल तर बाहेरून करता येणारे अभ्यासक्रम कोणते, याची चौकशी तिथेच करा.

पोटापाण्याचा प्रश्न

नोकरी करून सेवा करणं कमीपणाचं नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय अठरा पाहा: पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. तुमच्यापुढे साधारण तीन वाटा आहेत.

- नोकरी-धंदा सांभाळून सेवा. तीस-चाळीस माणसांच्या मंडळीला हीच वाट योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे. मंडळीवर बोजा नाही आणि श्रीमंत सदस्याच्या मुठीतही जावं लागत नाही. तोटा एकच, वेळ. म्हणून दोन-तीन वडिलांमध्ये प्रवचन वाटून घ्या.
- मोठ्या चर्चच्या नेमणुकीवर पूर्णवेळ सेवा. मानधन, बदली, रजा, निवृत्ती यांचे नियम आधी लेखी घ्या. "प्रभू पाहून घेईल" हे नेमणूकपत्राच्या जागी चालत नाही.
- स्वतंत्र मंडळीत पूर्णवेळ सेवा. ही वाट अवघड. यात जायचं तर मंडळीची नोंदणी, स्वतंत्र विश्वस्त आणि ठरलेलं मानधन, या तीन गोष्टी झाल्यावरच नोकरी सोडा.

पैसा हाताळताना पुढचं पाळा:

- अर्पण मोजताना तुम्ही हजर राहू नका. दोन सदस्यांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचं.
- मंडळीचं खातं तुमच्या किंवा पाळकीणबाईंच्या नावावर नको. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवा आणि विश्वस्तांत सगळे तुमचे नातेवाईक भरू नका.
- दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या आणि हिशेबाचा कागद चर्चच्या दाराशी लावा, मागायची वेळ येऊ देऊ नका.
- न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची, गहाण टाकायची असेल तर कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तुमच्या एकट्याच्या सहीने तो व्यवहार होत नाही.
- परदेशातल्या मंडळीने कामासाठी पैसे पाठवतो म्हटलं तर वैयक्तिक खात्याचा नंबर देऊ नका. २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ते घेता येतात आणि तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. प्रामाणिक सेवक इथे अज्ञानाने अडकतात.

स्वतःच्या घरासाठीही काही करा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा, ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा या केंद्राच्या योजना कुठल्याही बँकेत मिळतात. वय चाळीसच्या आत असेल आणि तुम्ही आयकर भरत नसाल तर अटल पेन्शन घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत आहेत. विमा काढला म्हणजे विश्वास कमी पडला, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

तुमच्या अधिकाराची हद्द

*लग्न.* भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम १८७२ च्या कलम ५ मध्ये लग्न कोण लावू शकतो ते दिलं आहे: बिशपांच्या परंपरेतली दीक्षा झालेले आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे, सरकारचा परवाना असलेले धर्मसेवक, विवाह निबंधक वगैरे. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम ६८ प्रमाणे दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि त्या जोडप्याचं लग्नही अडचणीत येतं. परवाना नसेल तर मोकळेपणाने सांगा: "आशीर्वादाची प्रार्थना मी करीन, पण लग्न परवाना असलेल्या पाळकांकडून किंवा विवाह निबंधकांकडे लावा." मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण आहे याचे कागद स्वतः पाहा. विधी सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत उरकावा लागतो. वधू-वरांपैकी एकही ख्रिस्ती नसेल तर हा कायदा लागू नाही. त्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट दाखवा, तिथे तीस दिवसांची नोटीस असते.

*आजार.* प्रार्थना करा, हात ठेवून करा, पण गोळी बंद करायला सांगू नका. साखर, रक्तदाब, फीट, टीबी, मानसिक आजार यांवरची औषधं डॉक्टरांशिवाय कोणी थांबवायची नाहीत. सर्प किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं, भूत काढण्यासाठी मारहाण करणं, चमत्काराचा देखावा करून फसवणं, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. बरं झाल्याची साक्ष द्यायची असेल तर माणूस खरोखर बरा झाल्यावर, त्याच्या मर्जीने द्या आणि डॉक्टरांनी केलेलं वगळू नका.

*बाप्तिस्मा.* बाप्तिस्मा मागणाऱ्याला त्याचे परिणाम आधी सांगा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट त्या आदेशांत नाही. "काही होत नाही, दाखला तसाच ठेवा" असा सल्ला कितीतरी सेवक देतात. हा सल्ला देऊन तुम्ही त्या घराला आयुष्यभर खोटं बोलायला लावता आणि पोराच्या नोकरीच्या वेळी ते घर एकटं पडतं. निर्णय त्या माणसाचा. घाई करू नका, अल्पवयीनाला आईवडिलांच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देऊ नका. धर्मांतराविषयीचे राज्याचे नियम बदलत असतात, म्हणून त्या दिवशी लागू असलेली तरतूद वकिलाकडून पाहून घ्या.

विरोध झाला तर

संविधानाच्या कलम २५ ने धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा आहे. प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं आहे. दोन्ही बाजू पाठ असू द्या.

विरोध होण्याआधी करायचं ते असं. भाड्याच्या खोलीत प्रार्थना होत असेल तर घरमालकाची लेखी संमती घ्या. स्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी हवी, रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. खरं तर पंधरा माणसांच्या खोलीत स्पीकर कशाला? शेजारच्याचं बारावीचं पोर अभ्यासाला बसलेलं असतं, त्याचा विचार करणं हीच शेजारधर्माची पहिली पायरी. चर्च बांधायचं तर जमिनीचा वापर आणि बांधकाम परवाना आधी. शिरूर आणि दौंडचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत येतो, तेव्हा अर्ज ग्रामपंचायतीकडे की तिकडे, हे आधी विचारा. दुसऱ्यांच्या देवांविषयी, सणांविषयी वाईट शब्द कधीही काढू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ तुम्हालाही लागू आहे. आणि कायदा नसता तरी ते वाईटच.

जमाव आलाच तर:

1. प्रार्थना थांबवा, बायका-मुलांना आत घ्या, वाद घालू नका, ११२ ला फोन करा. एकाने शांतपणे मोबाईलवर चित्रण करावं.
2. शांतपणे चाललेली उपासना मुद्दाम मोडणं हा न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. तक्रार द्या. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. हद्दीचं कारण सांगून पोलीस ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही.
3. ठाण्यात नोंद झाली नाही तर पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
4. तुम्हालाच ताब्यात घेतलं तर अटकेचं कारण कळण्याचा, घरी कळवण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेलं जाण्याचा तुमचा हक्क आहे. न वाचता कशावरही सही करू नका. मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती आहे, क्रमांक १५१००.

दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून नेहमीसारखे चालत जा. दुकानदाराला नमस्कार करा. मोबाईलमधलं चित्रण पोलिसांना आणि वकिलाला द्या, समाजमाध्यमांवर टाकू नका. व्हायरल झाल्यावर गावातलं भांडण गावात मिटत नाही.

थकवा आणि घर

आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवा, बहुतेकांना सोमवार सोयीचा. त्या दिवशी मयत सोडून कशालाही जाऊ नका. पाळकीणबाईंना बिनपगारी नोकर समजू नका. त्यांनी संडे स्कूल घ्यायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहा-जेवण देणं हे त्यांचं पाचारण आहे, असं मंडळीने गृहीत धरलं असेल तर ते तुम्हीच थांबवा. बाईमाणसाला एकांतात समुपदेशन करू नका; दार उघडं, पाळकीणबाई किंवा दुसरी वडीलधारी स्त्री जवळ, हा नियम दोघांच्याही संरक्षणाचा आहे.

झोप उडाली, प्रार्थनेचा कंटाळा आला, लहानसहान गोष्टींवर मुलांवर हात उगारला जातो, मरणाचे विचार येतात, तर याला आत्मिक दुबळेपणा म्हणून लपवू नका. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येतं. डॉक्टरांकडे जा.

सोडायचं असेल तर

काही वेळा सोडणंच योग्य असतं: तब्येत साथ देत नाही, घर मोडायला आलं आहे, तुमच्यामुळेच मंडळीत दोन तट पडले आहेत, किंवा तुमच्या हातून गंभीर नैतिक चूक झाली आहे. शेवटच्या कारणात तर निर्णय तुमच्याकडे ठेवूच नका. वरिष्ठांना सांगा आणि ते म्हणतील तितका काळ व्यासपीठापासून दूर राहा. कंटाळा, शेजारच्या मंडळीची गर्दी किंवा एका माणसाचा अपमानकारक शब्द, ही सोडण्याची कारणं नाहीत.

सोडताना हे हवाली करा: सदस्यांची नोंदवही, बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी, पावतीपुस्तकं, बँकेची आणि जागेची कागदपत्रं, किल्ल्या, व्हॉट्सअॅप गटाचं ॲडमिनपद. गुप्ततेत सांगितलेल्या गोष्टी कोणालाही हवाली करायच्या नाहीत. तुम्ही विश्वस्त असाल तर बदलाचा अहवाल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे जायला हवा. एक वर्ष त्या मंडळीतल्या लग्न-मयताला नव्या पाळकांनी बोलावल्याशिवाय विधी करू नका आणि जुन्या सदस्यांना फोन करून "नवीन कसे आहेत?" असं विचारू नका.

तुमच्या हाताखाली एखादा तरुण किंवा तरुणी तयार होत असेल तर या सगळ्या नोंदी त्यांना आजच दाखवायला लागा आणि महिन्यातला एक रविवार व्यासपीठ त्यांच्याकडे द्या. असं कोणी नसेल तर येत्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.